आहे तसाच बसवा

कोथरूड, ४ नोव्हेंबर २०२५

ति. पप्पांस,
सविनय जयभीम.

माझा फोन तुम्ही उचलत नाही आणि आईच्या फोनवर केला की ती सांगते, "ते अंघोळीला गेलेत." रात्री साडेआठला अंघोळ करणारा माणूस विश्रांतवाडीत तुम्ही एकटेच असाल. म्हणून पत्र लिहिते आहे. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस टपालानं आलेलं पत्र न उघडता फेकून देणार नाही, एवढी तुमची खात्री मला अजून आहे.

भांडण कशावरून झालं ते एकदा कागदावर येऊ दे, म्हणजे नंतर कुणी त्यात भर घालणार नाही. चेतन तुम्हाला पसंत आहे. तो क्लासमध्ये गणित शिकवतो, कमी बोलतो आणि वेळेवर येतो, यापलीकडे तुम्हाला जावयाकडून काही नको होतं. चौदा डिसेंबरचा साखरपुडा तुम्हीच ठरवलात, हॉलही तुम्हीच बघितलात. सगळं सुरळीत चाललं होतं. परवा रविवारी मी तुम्हाला एक हिरा दाखवायला आणला आणि तुम्ही म्हणालात, "हा अंगठीत बसला तर मी हॉलवर येणार नाही."

तो हिरा मी अजून विकत घेतलेला नव्हता हे तुम्ही ऐकूनच घेतलं नाही. रविवार पेठेत शकीलाबींचं छोटं दुकान आहे. जुन्या दागिन्यांतले खडे त्या विकतात आणि त्यांचे मिस्टर मन्सूरभाई मागच्या खोलीत ते अंगठीत बसवून देतात. त्यांच्याकडे जांगड देण्याची रीत आहे. खडा पुडीत बांधून घरी न्यायचा, चार दिवस बघायचा, पटला तर ठेवायचा, नाही तर आणून द्यायचा. शकीलाबी म्हणाल्या, "बाई, हिरा दुकानात बघून घेऊ नका. इथे माझे दिवे आहेत, माझ्या दिव्यांत गारगोटी पण चमकते. घरी न्या. ज्या उजेडात नवऱ्याशी भांडणार, त्या उजेडात बघा." मला ते पटलं. म्हणून मी तो माझ्या घरात बघितला, चेतनच्या घरात बघितला, आणि मग तुमच्या घरात आणला.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्याजवळ धरलात आणि म्हणालात, पिवळा पडलाय. मग म्हणालात, वेडावाकडा आहे. मग म्हणालात, मधोमध भोक आहे, तुला फसवलं. मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते पप्पा, मला भोक आणि पैलू यातला फरक कळतो. पूर्वीचे कारागीर हिऱ्याचं खालचं टोक टवका उडू नये म्हणून जरासं छाटून सपाट करायचे. वरून बघताना तेच छोटं वर्तुळासारखं दिसतं. तेव्हा यंत्रं नव्हती, हातानं पैलू पाडायचे, म्हणून तो गोल म्हणावा तर गोल नाही आणि चौकोनी म्हणावा तर चौकोनी नाही. हे सगळं मी तुम्हाला सांगत होते आणि तुम्ही एकच विचारलंत, "कुणाच्या अंगावरचा आहे?"

मी खरं ते सांगितलं. पेठेतल्या एका जुन्या घराण्याच्या पदकातला मधला खडा आहे. खोटं बोलले असते तर भांडण टळलं असतं, हे मला निघताना जिन्यात सुचलं. सुचलं तरी बोलले नसते.

यमुनाआजीची गोष्ट मला पाठ आहे. गावात आजीला वाड्यावरून उतरलेली लुगडी मिळायची, तुम्हाला सदरे मिळायचे. चौथीत असताना वर्गातल्या एका मुलानं तुमची कॉलर धरली आणि सगळ्यांसमोर "हा माझा आहे" म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून तुम्ही कुणाचं वापरलेलं अंगाला लावलं नाही. आम्हाला लावू दिलं नाही. सगळी पोरं जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घ्यायची आणि मला व आयुषला कोरी मिळायची, मग त्यासाठी तुम्ही स्वतः वर्षभर एका चपलेवर काढलं तरी. या गोष्टीचा मला अभिमान वाटतो आणि ती कुणासमोरही सांगायला मी तयार आहे.

पण तो सदरा तुम्हाला दिला होता. हा हिरा मला कुणी दिलेला नाही. मी दुकानात गेले, खुर्चीवर बसले, चहा प्याले, दहा खडे नापसंत केले आणि हा निवडला. या दोन गोष्टी एकच आहेत असं तुम्ही म्हणत असाल तर मला ते मान्य नाही.

शेवटी तुम्ही आणखी एक वाक्य बोललात. ते मी इथे लिहीत नाही.

तुमची,
कल्याणी


कोथरूड, १० नोव्हेंबर २०२५

ति. पप्पांस,
सविनय जयभीम.

आईकडून निरोप मिळाला. "तिला सांग, पत्र पोचलं. हिरा बदलला का ते विचार." पत्र पोचल्याची पोच देणं तुमच्या अंगात इतकं मुरलंय की रागातसुद्धा विसरला नाहीत.

नाही बदलला. पण तुमच्या शब्दाखातर बदलण्याचा प्रयत्न मी मनापासून केला, तो कसा केला ते सांगते.

शनिवारी चेतनला घेऊन शकीलाबींकडे गेले. पुडी परत केली आणि म्हटलं, नवे दाखवा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं. शेजारच्या मोठ्या पेढीतून त्यांनी दोन खडे मागवून घेतले. एक नव्या पद्धतीचा, यंत्रावर पैलू पाडलेला, आणि एक प्रयोगशाळेत तयार केलेला. तिसरा आपला जुना. तिन्ही काळ्या मखमलीवर ओळीनं ठेवले.

चेतनला प्रयोगशाळेतला आवडला. त्याचं म्हणणं, नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नसेल तर जास्त कशाला मोजायचे? मी म्हटलं, दिसतो. तो म्हणाला, "मला नाही दिसत." मी म्हटलं, "तुझा नंबर वाढलाय, सोमवारी ये." शकीलाबी इतक्या हसल्या की मन्सूरभाई मागच्या खोलीतून भिंग लावल्या डोळ्यानं बाहेर बघायला आले.

नव्या हिऱ्यात खोट काढायला जागा नाही, हे मी कबूल करते. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यात तो सारखा लखलखत होता, आणि आपला त्याच्याशेजारी मुकाट बसला होता. मी नव्याला हो म्हणणारच होते. तुम्ही तेव्हा तिथे असतात तर जिंकला असतात. पण मला पौर्णिमेची संध्याकाळ आठवली.

बुधवारी कार्तिक पौर्णिमा होती. मी माझ्या फ्लॅटमध्ये एकटीच वंदनेला बसले. भगवंताच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, ट्यूबलाइट घालवली. हिऱ्याची पुडी तिथेच टेबलावर उघडी पडलेली होती. वंदना म्हणताना माझं लक्ष गेलं आणि मी मधलं एक कडवं चुकले. तो मुकाट खडा पेटला होता. बारीक चमक नव्हती ती, मोठे मोठे तुकडे होते उजेडाचे, तांबडे, हिरवे. ज्योत हलली की हलायचे. विजेचे दिवे यायच्या आधी ज्यांनी तो घडवला त्यांच्याकडे असाच उजेड होता, आणि त्यांनी तो याच उजेडासाठी घडवला. आपल्या घरात हा उजेड अजून असतो. प्रत्येक पौर्णिमेला असतो, मंगल कार्यात असतो, चौदा तारखेला हॉलवर तुम्ही स्वतः मेणबत्ती लावाल तेव्हाही असेल.

मी शकीलाबींना म्हटलं, जुना द्या. जांगड नको, बिल करा.

तुम्ही म्हणाल, पेठेतल्या बाईनं तो मिरवला असेल. मिरवला असेल. विहाराजवळच्या वाचनालयातून तुम्ही आठवड्याला दोन पुस्तकं आणता. त्या पुस्तकांना किती लोकांची बोटं लागलेली असतात, कुणी कुणी पानांचे कोपरे दुमडलेले असतात, तुम्ही ते उलगडून सरळ करता आणि वाचता. पुस्तक कुणी आधी वाचलं म्हणून त्यातलं शहाणपण उष्टं होत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग माझ्या हिऱ्यातला उजेड उष्टा कसा झाला, ते मला समजावून सांगा. टपालानं सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
कल्याणी


कोथरूड, २३ नोव्हेंबर २०२५

ति. पप्पांस,
सविनय जयभीम.

काल आयुष आला होता. तुमचा दूत म्हणून आला होता, त्यामुळे बिचारा चहासुद्धा खुर्चीच्या कडेवर बसून प्याला. त्यानं तुमचा तोडगा सांगितला. हिरा तोच राहू दे, पण सुरतेला पाठवून त्याला नव्यानं पैलू पाडून घ्यायचे. वरचा थर निघून जाईल, भोक जाईल, वाकडेपणा जाईल, आकारानं थोडा लहान होईल इतकंच. मग तो नवाच. खर्च तुमचा.

तुम्ही चौकशी करून हा मार्ग शोधलात, हे मला दिसतं. हटवादी माणूस दोन पावलं पुढे आला, हेही दिसतं. आयुष म्हणाला, "ताई, आता तू पण एक पाऊल ये ना." मी त्याला नाही म्हणून सांगितलं. का, ते त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

त्या रविवारी तुम्ही शेवटी म्हणालात, "वापरलेली वस्तू कितीही घासली तरी वापरलेलीच. ती चारचौघांत मिरवायची नसते." हे बोलताना तुम्ही हिऱ्याकडे बघत होतात. आई माझ्याकडे बघत होती.

तुमच्या डोक्यात तेव्हा मी नव्हते, हे मला माहीत आहे. तुम्ही तुमच्या सदऱ्याबद्दल बोलत होतात. पण मी चार वर्षांपूर्वी शिवाजीनगरच्या कोर्टातून घटस्फोटाचा कागद घेऊन बाहेर पडलेली बाई आहे, आणि ते वाक्य माझ्यासमोर उच्चारलं गेलं. ऐकल्यावर मला जे वाटलं ते असं की, बरोबरच आहे, घरात सगळ्यांना हेच वाटत असणार, आज चुकून तोंडातून बाहेर पडलं.

कारण तुम्ही मला चारचौघांत कधी मिरवलंच नाहीत. माझा घटस्फोट झाला तेव्हा तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात, वकील तुम्ही केलात, प्रत्येक तारखेला डबा घेऊन आलात. मला वाटलं होतं, आपले पप्पा म्हणजे पप्पा. आणि मग विहारात कुणीतरी विचारलं, जावई दिसत नाहीत हल्ली, तर तुम्ही सांगितलंत की कंपनीनं त्यांना जर्मनीला पाठवलंय. तो माणूस हडपसरला राहतो पप्पा. तुम्ही त्याला पासपोर्टशिवाय जर्मनीला धाडलंत आणि चार वर्षं तिथेच ठेवलंत. ललिताआत्या दर दिवाळीला मला विचारते, "जावई येतात का गं सुट्टीला?" मी तुमच्या तोंडाकडे बघून "नाही हो आत्या, थंडी फार आहे तिकडे" म्हणत आले. पुण्यातल्या बाईनं जर्मनीच्या हवामानाचा अंदाज रोज फोनवर बघायचा, ही वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

आता चौदा तारखेला आत्या हॉलवर येणार. तिला काय सांगणार आहात? जर्मनीत विमान पडलं?

मला खरं दिसायला लागलंय ते हे. तुम्हाला अंगठीत कोरा हिरा हवा आहे, कारण मग सगळंच कोरं दिसेल. नवी अंगठी, नवा जावई, आणि मुलगीसुद्धा घासूनपुसून नवी. सदऱ्याची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी ही आहे, आणि ती तुम्ही स्वतःलाही सांगितलेली नाही. बाबासाहेबांचं नाव घेऊन बायांच्या हक्कांवर भाषण करणारा माझा बाप, लोक काय म्हणतील म्हणून घाबरला.

मला सुरतेला पाठवून घ्यायचं नाही. माझा एक थर तासून टाकला तर मी लहान होईन, आणि मला लहान व्हायचं नाही. जे झालं ते झालं. त्या लग्नात मी काही काळ रडले, पुष्कळ शिकले, आणि माझ्या पायांनी बाहेर आले. यातलं काहीही लपवण्यासारखं नाही. हिराही तसाच बसेल आणि मीही तशीच बसेन.

तुम्ही यावं असं मला वाटतं. खूप वाटतं. तुमच्याशिवाय मी त्रिशरण म्हणायला उभी राहिले तर माझा आवाज फुटणार नाही, हे मला आत्ताच कळतंय. तरी सांगते, येणार असाल तर माझं दुसरं लग्न आहे हे धरून या. जर्मनीसकट येणार असाल तर घरीच थांबा.

कल्याणी


कोथरूड, ७ डिसेंबर २०२५

ति. पप्पांस,
सविनय जयभीम.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "पत्रे पोचली. सहा तारखेस दादरला जात आहे. परत आल्यावर बघू. सुखदेव." माझ्या चार पानांना ही पोच. बापानं मुलीला लिहिताना खाली "सुखदेव" असं नाव लिहायचं असतं, हे मला नवीन कळलं.

चैत्यभूमीच्या रांगेत काल उन्हाचा त्रास झाला नसेल, गोळ्या घेतल्या असतील, असं धरून चालते.

अंगठी तयार झाली. मन्सूरभाईंनी हातात घेऊन शेवटचं विचारलं की कडेला एक पैलू जरा उतरता आहे, कोंदणाच्या खाली दाबून टाकू का, म्हणजे दिसणार नाही. मी म्हटलं, दाबू नका, आहे तसाच बसवा. त्यांनी तसाच बसवला. आई परवा येऊन बघून गेली. तुम्हाला सांगितलं नसेल तर आता समजा. तिनं बोटात घालून खिडकीशी नेली, पुष्कळ वेळ बघितली आणि म्हणाली, "शोभते गं तुला." मग डोळे पुसून भाजीचं काय करतेस म्हणून विचारायला लागली.

हॉलवर पहिल्या रांगेत एक खुर्ची तुमच्या नावानं ठेवणार आहे. रिकामी राहिली तर राहू दे. तिच्यावर कुणाला बसू देणार नाही, आणि कुणी विचारलं तर पप्पांना बरं नाही असंही सांगणार नाही. रागावलेत म्हणून आले नाहीत, असं सांगेन. आपल्या घरातलं खोटं बोलण्याचं काम मी बंद केलं आहे.

कल्याणी


कोथरूड, १५ डिसेंबर २०२५

ति. पप्पांस,
सविनय जयभीम.

काल कार्यक्रम संपल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता थेट जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिलात, आणि नंतर पाहुण्यांना बस मिळवून द्यायला म्हणून स्वारगेटला गेलात ते तिकडूनच घरी. त्यामुळे जे बोलायचं होतं ते राहिलं. आपल्याला समोरासमोर बोलता येत नाही, हे आता मान्य करून टाकू.

तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मोजत होतात, तेव्हाच माझा अर्धा जीव खाली आला होता. तोही तुम्ही माईक हातात घेतल्यावर पुन्हा वर गेला. आपल्याकडे बारसं असो की साखरपुडा, माईक असतोच आणि कुणीतरी अर्धा तास बोलतोच. मला वाटलं, झालं, आता स्त्रीशिक्षणापासून सुरुवात होणार.

तुम्ही म्हणालात, "मी कल्याणीचा बाप. हे तिचं दुसरं लग्न ठरतंय. पहिलं चार वर्षांपूर्वी मोडलं. जावई जर्मनीत आहेत असं मी तुम्हा सर्वांना सांगत आलो. ते खोटं होतं. ते गृहस्थ हडपसरला असतात."

मी मान खाली घातली नाही, याची नोंद घ्या. चेतननं माझा हात धरला होता. आणि मग दुसऱ्या रांगेतून ललिताआत्या म्हणाली, "अरे मग दर वर्षी जर्मनीची चॉकलेटं म्हणून देत होतास, ती कुठली?"

"आपल्या कॅम्पातली," तुम्ही माईकवरच म्हणालात.

लोक हसले तसे तुम्ही हसला नाहीत. हसणं थांबेपर्यंत थांबलात, पोस्टाच्या खिडकीवर थांबायचात तसे. मग म्हणालात, "तिच्या अंगठीतला हिरा जुना आहे. मला तो पसंत नाही. आजही नाही. पण अंगठी तिची आहे. त्या हिऱ्यावरून मी घरात एक वाक्य बोललो. ते वाक्य मी इथे, तुम्हा सर्वांसमोर, मागे घेतो. कोणतं वाक्य ते तिला माहीत आहे, बाकीच्यांनी विचारू नये." आणि माईक आयुषच्या हातात कोंबून खाली उतरलात. मेणबत्ती लावायला तुम्हाला परत बोलवावं लागलं.

पप्पा, तुम्ही ज्योत लावलीत तेव्हा मी हात पुढे केला होता. तुमची नजर एकदा माझ्या बोटाकडे गेली आणि लगेच वळली, ते मी बघितलं. हिरा पसंत नाही म्हणता, पुन्हा बघाल तेव्हा अजून नापसंत करा. माझी हरकत नाही. तुमच्या त्या सदऱ्याची जखम माझ्या अंगठीनं भरून यावी असं मी कधीच म्हटलेलं नाही, आणि तशी ती भरणारही नाही.

त्या वाक्याचं म्हणाल तर तुम्ही ते मागे घेतलंत, पण मला विसरायला वेळ लागणार आहे. सगळं माफ केलं असं आज लिहिलं तर आपल्या घरात पुन्हा एक जर्मनी तयार होईल. एवढं मात्र खरं लिहिते की काल तुम्ही बोलत होतात तेव्हा मला कळलं, चौथीतल्या त्या मुलापुढे गप्प बसलेला सुखदेव आयुष्यभर किती जड ओझं वाहत होता. तुम्हाला लोकांसमोर उभं राहून खरं सांगताना बघून मला रडू आलं. तुम्ही बघत नव्हतात म्हणून रडले.

माझ्या पत्रांतलं एकही वाक्य मात्र मी मागे घेत नाही. पुढच्या रविवारी घरी येते. अंगठी घालूनच येईन.

तुमची,
कल्याणी